दुखणे आपला नियम मोडते तेव्हा

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या भिंतीत चरबीचे थर साचून त्या अरुंद झाल्या, की विश्रांतीच्या वेळी पुरेसे पडणारे रक्त श्रमाच्या वेळी कमी पडू लागते, आणि त्या टंचाईतून छातीच्या मध्यभागी जो दाब, आवळणे किंवा जळजळ जाणवते, त्याला हृदयशूल किंवा अंजायना म्हणतात. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली या विकाराचे जे वर्णन मांडले, त्यात चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, ही वेदना सुरू होते आणि माणूस थांबताच ओसरते हे त्यांनी नेमके टिपले होते. आजही स्थिर हृदयशूल, म्हणजे ठरावीक श्रमाला येणारे आणि काही मिनिटांत जाणारे दुखणे, ओळखण्याची हीच मुख्य खूण आहे.

अशा दुखण्याला एक नियम असतो, आणि तो डॉक्टरांपेक्षाही रुग्णालाच अधिक ठाऊक असतो. बोईसर स्थानकाचा पूल चढताना कोणत्या पायरीवर थांबावे लागते, भरपेट जेवून लगेच चालल्यास काय होते, तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पोती उचलताना किती वेळाने छाती भरून येते, हे बोईसर परिसरातल्या बेटेगावच्या कामगाराने मनाशी नोंदवून ठेवले, तर ती नोंद अनेकदा तपासणीच्या कागदाइतकी मोलाची ठरते. कारण विश्रांतीत काढलेला ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत लहरींचा आलेख, हृदयशूल असूनही अगदी निर्दोष येऊ शकतो.

स्थिर हृदयशूल असलेल्या माणसाने अंथरूण धरावे असे नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज चालणे, विडी-सिगारेट, तंबाखू आणि मिश्री पूर्णपणे सोडणे, सुकी मासळी आणि लोणच्यातून पोटात जाणाऱ्या मिठाला आवर घालणे, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल काबूत ठेवणे, यांवर त्याचे पुढचे आयुष्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. हृदयाचे ठोके मंदावून त्याचा भार हलका करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या, बरे वाटते म्हणून किंवा पगार लांबला म्हणून, अचानक थांबवणे धोक्याचे असते. स्टेंट, म्हणजे अरुंद धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी, बसवली की प्रश्न कायमचा सुटला, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, स्थिर आजार असलेल्यांना आधी औषधे देण्याच्या तुलनेत सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्याने मृत्यू वा हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. छातीचे दुखणे मात्र शस्त्रोपचाराने अधिक कमी झाले. म्हणून असा निर्णय घाईने घेण्याची गरज सहसा नसते.

हे सारे स्थिर आजारापुरते खरे आहे, आणि चित्र बदलते ते नियम मोडल्यावर. पूर्वी दोन जिने चढल्यावर येणारी वेदना दहा पावलांत येऊ लागली, महिन्यातून एकदा येणारी रोज येऊ लागली, बसल्याबसल्या किंवा झोपेत उठवू लागली, तर धमनीतला थर फाटून त्यावर रक्ताची गुठळी धरू लागल्याची शक्यता असते. याला अस्थिर हृदयशूल म्हणतात, आणि त्यासाठी ठरलेल्या भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

छातीत दुखू लागताच काम थांबवून खाली बसावे आणि डॉक्टरांनी दिलेली नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवावी. तिच्यामुळे रक्तवाहिन्या सैल होऊन रक्तदाब उतरतो, त्यामुळे उभ्याने ती घेतल्यास भोवळ येऊ शकते. लैंगिक दुर्बलतेवरील सिल्डेनाफिलसारखी गोळी नुकतीच घेतलेली असल्यास नायट्रेट घेऊ नये, कारण दोहोंच्या एकत्र परिणामाने रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो. संकोचामुळे ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवली जाते, म्हणून ती स्पष्ट सांगणे भाग आहे. पाच मिनिटांत उतार पडला नाही किंवा वेदना वाढली, दरदरून घाम फुटला, श्वास कोंडला, कळ जबड्यात, पाठीत किंवा हातात उतरली, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करावा. स्त्रियांमध्ये, वृद्धांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा जाणवू शकतो. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन रात्र काढणे हीच यातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

बेटेगावसारख्या ठिकाणी या निर्णयाला अंतराची जोड मिळते. चिल्हार फाट्यावरून महामार्गाने किंवा रेल्वेने मुंबई सुमारे शंभर किलोमीटर दूर, आणि घोडबंदरजवळच्या कोंडीत किती वेळ जाईल हे कोणालाच सांगता येत नाही; अशा वेळी ‘मुंबईच्याच डॉक्टरकडे’ म्हणून रुग्णाला दुचाकीवर किंवा लोकलमध्ये बसवणे घातक ठरू शकते. धमनी पूर्ण बंद झाल्याचे ईसीजीत दिसले आणि निदानापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसले, तर योग्य रुग्णांना गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच देऊन मग पुढे पाठवणे ही मान्य उपचारपद्धती आहे. म्हणून बोईसर-पालघर परिसरात ईसीजी आणि हे इंजेक्शन रात्रीही कोठे मिळते, याची चौकशी आजार शांत असतानाच करून ठेवावी, आणि रात्रपाळीच्या कामगाराने शेजारच्या सहकाऱ्याला आपल्या आजाराची कल्पना द्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास यांचा समावेश असल्याने तिची कागदपत्रे, चालू औषधांची यादी आणि प्रकृती बरी असतानाचा जुना ईसीजी एकाच पिशवीत असावेत. नव्या आलेखात काय बदलले आहे, हे अनोळखी डॉक्टरालाही त्या जुन्या कागदाशी ताडून पाहता येते.