गाण्यामागची खरखर

राहाता परिसरातील अनेक घरांत जुन्या टेपरेकॉर्डरची जागा आता तळहाताएवढ्या संगीतयंत्राने घेतली आहे. मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह खोचावा, कळ दाबावी, की पहाटेची स्तवने सुरू होतात. ज्येष्ठांना हे यंत्र मोबाइलपेक्षा जवळचे वाटते, कारण त्यात जाहिरात येत नाही, मध्येच कोणाचा फोन वाजत नाही आणि बोट चुकून भलतीकडे लागत नाही. वर्ष-दोन वर्षांनी मात्र तक्रार ऐकू येते, "मागे सारखी खरखर होते." घरातील तरुणांचे उत्तर ठरलेले असते, "टाकून द्या, नवे आणू." हे उत्तर बहुतेक वेळा घाईचे असते. खरखर हा यंत्राचा अंतकाळ नसून एक लक्षण आहे, आणि लक्षण म्हटले की आधी नीट विचारपूस करावी लागते.

ही विचारपूस करताना आपली मायबोली मोठी मदत करते. संथ, सलग 'सूं' वेगळे, खर्जातले 'घूं' वेगळे, पिन हलविताच होणारी 'कुरकुर' वेगळी आणि अधूनमधून येणारे 'टक टक' वेगळे. दुकानदाराला नुसते "खरखर येते" असे सांगितले, तर तो आधी झाकण उघडतो. आवाज नेमका कसा आहे, केव्हा येतो आणि काय केले असता थांबतो, एवढे सांगितले तर पुष्कळदा झाकण उघडावेच लागत नाही.

राहात्यातील एका आजींचे यंत्र पहाटेच घूंघूं करीत असे. दुपारी तेच यंत्र, तेच गाणे, पण आवाज स्वच्छ. घरच्यांना वाटले, आजींना भास होतो. प्रत्यक्षात यंत्र रात्री चार्जिंगला लावलेले असे आणि पहाटे तसेच, वायर न काढता, सुरू केले जाई. मूळ चार्जर हरवल्यामुळे बाजारातला एक स्वस्त चार्जर आणलेला होता. वायर काढली आणि घूंघूं त्याच क्षणी थांबली. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?" एवढेच आजी म्हणाल्या. त्या प्रश्नात काही महिन्यांचा सल होता. वृद्ध माणसाने ऐकू आलेली गोष्ट सांगावी आणि घराने ती वयाच्या खात्यावर जमा करावी, हे यंत्राच्या बिघाडापेक्षा अधिक गंभीर आहे.

या आवाजाचे कारण असे. आपल्या भिंतीतील वीज सेकंदाला 50 वेळा आंदोलने घेते. चार्जर ती एकदिश करतो, सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो आणि शेवटी पाच व्होल्टवर आणून यंत्राला देतो. या तोडजोडीतील अवशिष्ट लहरी गाळण्यासाठी चांगल्या चार्जरमध्ये गाळणीचे घटक बसविलेले असतात. स्वस्त चार्जरमध्ये काटकसर नेमकी तिथेच केली जाते. मग उरलेल्या लहरी गाण्याच्या पाठीमागे बसून घुमतात. हेच यंत्र वायरने मोठ्या स्पीकरला जोडलेले असेल आणि दोन्हींना वीज भिंतीतून मिळत असेल, तर घूं आणखी वाढते. पहिली परीक्षा म्हणूनच अगदी सोपी आहे: वायर काढावी आणि बॅटरीवर ऐकावे. आवाज गेला तर दोष यंत्राचा नाही. चार्जिंग सुरू असताना यंत्राच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तो चार्जर पुन्हा वापरू नये. तिथे प्रश्न संगीताचा उरत नाही.

बॅटरीवरही आवाज राहिला तर गाणे क्षणभर थांबवावे आणि आवाजाची कळ वर-खाली करून पाहावी. गाणे थांबल्यावर खरखरही थांबली तर ती त्या ध्वनिमुद्रणातच आहे, यंत्र निर्दोष आहे. गाणे थांबूनही बारीक 'सूं' येत राहिले आणि कळ शून्यावर आणली तरी ते बदलले नाही, तर तो यंत्रातील ध्वनिवर्धकाचा स्वतःचा श्वास समजावा. प्रत्येक विद्युतवाहकात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची चळवळ चालू असते. जॉन्सन आणि नायक्विस्ट या बेल प्रयोगशाळेतील दोन शास्त्रज्ञांनी 1928 मध्ये तिचे गणित मांडले. हा सूक्ष्म रव पूर्णपणे नाहीसा करता येत नाही, झाकता मात्र येतो. संगीतयंत्र मोठ्या स्पीकरला जोडले असेल तर यंत्राचा आवाज बराच वर ठेवावा आणि स्पीकरचा खाली. आपण सहसा उलटे करतो: यंत्र हळू, स्पीकर मोठा. त्यामुळे गाण्याबरोबर तो श्वासही वाढवून ऐकावा लागतो.

कळ फिरवतानाच कुरकुर होत असेल तर तिच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली आहे, असे जवळजवळ निश्चित समजावे. यंत्र बंद ठेवून कळ या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवावी. तेवढ्याने भागले नाही तर दुकानात मिळणारा काँटॅक्ट क्लीनर वापरावा. शिवणयंत्राचे किंवा खोबरेल तेल सोडण्याचा घरगुती उपाय टाळावा, तेलावर धूळ अधिक चिकटते. एकाच कानात आवाज येतो-जातो, पिन किंचित वळवली की परततो, असे होत असेल तर आधी दुसरा इअरफोन लावून पाहावा. वायर बहुधा पिनेच्या मानेपाशीच आतून तुटलेली असते. दुसऱ्या इअरफोननेही तेच घडले तर सॉकेटात खिशातील सुताचा लोळा अडकला असेल, नाहीतर सॉकेटचा डाख सुटला असेल. डाख पुन्हा देणे हे कसबी कारागिराचे थोड्या वेळाचे काम आहे. मेमरी कार्डाला मात्र लोक उगाच बदनाम करतात. कार्ड बिघडले तर गाणे अडखळते, तुटते, 'टक' होते. सलग सूं कार्डामुळे होत नाही.

एक आवाज ओळखायला सर्वांत सोपा आहे. ठरावीक तालात 'डिर्र-डिडिर्र' झाले आणि पाठोपाठ मोबाइल वाजला, की समजावे फोन यंत्राच्या फार जवळ ठेवला आहे. जुन्या टू-जी पद्धतीत फोन सेकंदाला सुमारे 217 वेळा तुकड्या-तुकड्यांनी लहरी सोडतो आणि यंत्राची वायर त्या झेलते. फोन हातभर दूर सरकवावा.

रेडिओ ऐकतानाची खरखर ही स्वतंत्र कथा आहे. एफएम लहरी साधारण सरळ रेषेत जातात. आकाशवाणीचे अहिल्यानगर केंद्र राहात्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे, त्यामुळे घरातल्या आतल्या खोलीत संकेत क्षीण होणे स्वाभाविक आहे. लहान यंत्रांत इअरफोनची वायरच अँटेना असते. ती गुंडाळून ठेवली की खरखर वाढते, मोकळी सोडून खिडकीपाशी बसले की कमी होते. जवळचा एलईडी दिवा किंवा चार्जर बंद करूनही पाहावे.

अशा खरखरीचा माग काढणे हे हलके काम नव्हे. अमेरिकेत कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याला रेडिओ-टेलिफोनमधील खरखर कुठून येते हे शोधण्याचे काम दिले होते. काही आवाज जवळच्या वादळांचा निघाला, काही दूरच्या. एक संथ 'सूं' मात्र उरले आणि ते रोज चार मिनिटे आधी येई. तारे रोज तेवढेच आधी उगवतात. 1933 मध्ये त्याने जाहीर केले, की हा आवाज आकाशगंगेच्या मध्याकडून, धनु राशीच्या दिशेने येतो. 'केव्हा येतो' या प्रश्नाने आजींचा चार्जर सापडला आणि त्याच प्रश्नाने रेडिओ-खगोलशास्त्र जन्माला आले. आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या महाकाय दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. मानवी गोंगाट कमी असलेली जागा म्हणून तो परिसर निवडला गेला. तरीही वीजवाहिनीच्या सैल जोडावर उडणाऱ्या ठिणग्या तेथे त्रास देतात, आणि अभियंत्यांना त्यांचा माग काढत हिंडावे लागते.

आता कानाविषयी. यंत्र बंद केले, इअरफोन काढून ठेवले आणि तरी 'सूं' ऐकू येत राहिले, तर तो कर्णनाद आहे. त्यासाठी दुकान नव्हे, कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. कधी कानातील मळ एवढेच कारण असते, कधी ऐकू येणे कमी होत असल्याची ती पहिली खूण असते. मागची खरखर झाकण्यासाठी ज्येष्ठ मंडळी आवाज वाढवत नेतात, ही त्यातली खरी हानी आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 40 तासांपर्यंत 80 डेसिबलची मर्यादा सुरक्षित मानते. इअरफोन लावला असताना शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नसेल, तर आवाज खाली आणावा.

राहिली ती खरखर, जी ध्वनिमुद्रणातच आहे. तिच्याबाबत मला सर्वांत जपून बोलावेसे वाटते. एका कुटुंबाकडे दिवंगत आजोबांनी पेटीवर म्हटलेल्या स्तवनांची एकच कॅसेट होती, घरच्या टू-इन-वनवर भरलेली. कॅसेटची फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. फितीवरील चुंबकीय कणांचा 'सूं' तिच्या जन्मापासूनच तिच्यात असतो. त्यावर प्रसिद्ध तोड काढणारे रे डॉल्बी लंडनमध्ये कंपनी काढण्यापूर्वी, 1963 ते 1965 या काळात, संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांची युक्ती अशी, की बारीक उंच स्वर मुद्रणाच्या वेळी चढवून भरायचे आणि वाजवताना तेवढेच उतरवायचे, म्हणजे सूंही उतरतो. डॉल्बीची खूण असलेली कॅसेट त्या सोयीविना वाजवून संगणकावर घेतली, तर ती कर्कश आणि अधिक खरखरीत वाटते. घरी भरलेल्या कॅसेटला हा नियम सहसा लागू नसतो. तिथे फीत वाजवण्यापूर्वी हेड स्वच्छ पुसणे, एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो.

त्या कुटुंबातील नातवाने 'ऑडॅसिटी' या मोफत प्रणालीने खरखर काढली. केवळ फितीचा आवाज असलेला तुकडा नमुना म्हणून दाखवला की प्रणाली तो सगळीकडून वजा करते. पहिल्या प्रयत्नात त्याने इतकी वजाबाकी केली, की आजोबा पाण्याखालून गात असल्यासारखे वाटू लागले. खरखरीच्याच पट्टीत श, स, फ ही व्यंजने राहतात, श्वास राहतो, पेटीच्या भात्याचा आवाज राहतो. ती गेली की शब्द पुसट होतात. दुसऱ्या खेपेस त्याने थोडीच सफाई केली. आजींच्या यंत्रात आता दोन्ही प्रती आहेत, मूळची आणि हलकी सफाई केलेली. त्या मूळचीच लावतात.

असे काम कोणी करणार असेल तर न सुधारलेली प्रत एमपी-थ्री नव्हे, पूर्ण आकाराच्या वेव्ह स्वरूपात दोन ठिकाणी ठेवावी. कॅसेटही फेकू नये. ती एका टोकापर्यंत गुंडाळून, उभी, कोरड्या कपाटात आणि स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवावी.