फाटकापासून गोदामापर्यंत

नांदेडच्या मोंढ्यात किंवा लातूरच्या आडतीत व्यवहार करणाऱ्या अनेक कुटुंबांचे घर आणि गोदाम एकाच आवारात असते. फाटकापासून गोदामापर्यंतची मुरमाची वाट काढून तेथे काँक्रीट करावयाचे, तर खर्च मोठा येतो. परंतु गुत्तेदाराचा हिशेब चुकता होताच मालकाचे लक्ष त्या कामावरून उडते. आणि काँक्रीटचे आयुष्य ठरते ते बहुतांशी त्याच पहिल्या महिन्यात.

काँक्रीट वाळून घट्ट होते, हा समज चुकीचा आहे. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक संयोगाने ते घट्ट होते. पाणी लवकर उडून गेले की वरचा थर कच्चा राहतो व झाडताना रोज पांढरी भुकटी निघते. गुळगुळीतपणासाठी गवंडी वरून कोरडे सिमेंट भुरभुरतात, त्यानेही हेच घडते. ते करू देऊ नये. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, तर राखमिश्रित सिमेंटला किंवा उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस ओलावा हवा. मराठवाड्याचा उन्हाळा पाहता १४ दिवस धरणे शहाणपणाचे.

पाण्याची किंमत लातूरकरांना सांगावी लागत नाही. मांजरा धरण आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर. अशा गावात नळी सोडून आवार भिजवीत बसणे शोभत नाही. ओले गोणपाट अंथरून त्यावर प्लास्टिकचा कागद दाबून ठेवला, तर थोड्या पाण्यात काम भागते. साखर वा गूळ भरलेले गोणपाट मात्र घेऊ नये. साखर सिमेंटचे जमणे रोखते.

मुख्य प्रश्न हंगामाचा आहे. काँक्रीटचे ठरलेले बळ २८ दिवसांचे मानतात. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची आवक सुरू होते, आणि आठ दिवसांपूर्वी ओतलेल्या काँक्रीटवर भरलेली मालमोटार चढते. एका दिवसाचे भाडे वाचते, भेग मात्र कायमची राहते. म्हणून हे काम जुलै-ऑगस्टमध्ये उरकावे. ओतल्यानंतरचे काही तास पावसापासून झाकले, तर पुढे पावसाळी हवेचा फायदाच होतो.

आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. तिच्यावर थेट ओतलेले काँक्रीट टिकत नाही. माती काढून मुरूम भरावा व रोलरने दाबावा. पाच इंच जाडीला दहा-बारा फुटांवर सांधे हवेत, तेही दुसऱ्या दिवसापर्यंत कापलेले, आणि नंतर डांबरी मसाल्याने बुजविलेले. छपराचे पन्हाळ काँक्रीटच्या कडेला पडत असेल तर ते आधी वळवावे. कडा खचण्याचे मूळ पुष्कळदा तेथेच असते.

डागांचे स्वभाव निरनिराळे. नांदेडच्या हळदीच्या व्यापाऱ्यास नव्या काँक्रीटवर हळद सांडल्यावर लाल डाग दिसला, तर त्यात नवल नाही. सिमेंटमधील चुन्याने हळदीचे कुंकू होते. भुकटी कोरडीच झाडून घ्यावी, पाणी ओतू नये. उरलेला रंग उन्हात हळूहळू फिका पडतो. तेलाचे तसे नाही. सरकी, सोयाबीन, करडई यांच्या तेलातील आम्ले काँक्रीट सावकाश पोखरतात. सांडताच लाकडाचा भुसा टाकून तेल शोषून घ्यावे व नंतर धुण्याच्या पुडीने घासावे. फरशी धुण्याचे आम्ल वापरू नये. त्याने डागाबरोबर सिमेंटही जाते. तंबाखूच्या पिचकारीवर रसायनशास्त्रात उपाय नाही, तो फाटकावरच करावा लागतो.

२८ दिवसांनंतर काँक्रीट पूर्ण कोरडे झाल्यावर आत मुरणारे सिलेन-सिलॉक्सेनचे द्रावण लावावे. चकाकणारा लेप दिसावयास सुंदर असतो, पण चाकांखाली त्याचे पापुद्रे निघतात आणि पावसात पाय घसरतो. द्रावणाचा परिणाम पाहण्यास चमचाभर पाणी टाकावे: थेंब वर उभे राहिले तर ठीक, जमीन काळवंडली तर पुन्हा लावण्याची वेळ आली. खताच्या व्यापाऱ्यांनी अमोनियम सल्फेटची पोती लाकडी फळ्यांवरच रचावीत. ते क्षार ओल लागताच काँक्रीटमध्ये शिरतात आणि तेथे कोणतेही द्रावण फार काळ पुरत नाही.