गोठ्यातला शंभरचा बल्ब बदलला का?

विजेचे बिल आले की आपण आधी रक्कम बघतो, मग महावितरणच्या नावाने बोटे मोडतो आणि बिल खुंटीला अडकवतो. या खेपेला त्यावरचा युनिटचा आकडा बघा. घरगुती बिलात पहिली 100 युनिट एका दराने लागतात आणि 101 पासून पुढची बऱ्याच चढ्या दराने. 120 युनिट जाळणाऱ्या घराच्या खिशाला चाट लावतात ती वरची 20 युनिट. ती कुठे जळतात, ते शोधायचे आहे.

तसे पाहिले तर मावळाला विजेचे नाव जुने. वलवण, लोणावळा, शिरोता या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून टाटांनी 1915 साली खोपोलीला वीज तयार केली. ठोकळवाडीच्या पाण्यावर 1922 साली भिवपुरीचे केंद्र चालू झाले. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पाणी जिथले, तिथल्या वाड्या-वस्त्या मात्र पुढे कित्येक दशके रॉकेलच्या चिमणीवर राहिल्या. मग वीज आली ती पिवळ्या बल्बच्या रूपाने, आणि तो बल्ब काही घरांत अजून मुक्काम ठोकून आहे.

5 जानेवारी 2015 ला केंद्राची एलईडी वाटपाची योजना सुरू झाली. पुढे तिला ‘उजाला’ नाव मिळाले आणि आपल्याकडे महावितरणच्या ग्राहकांनी हे बल्ब घेतले. सरकारी खरेदीत 2014 साली 310 रुपयांना पडणारा बल्ब 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला. त्यामुळे माजघरात, स्वयंपाकघरात एलईडी लागले. पण गोठ्यात कोण बघतो?

हिशेब तिथेच आहे. गोठ्यात 100 वॅटचा बल्ब संध्याकाळी सहा ते सकाळी सहा जळला, तर रात्रीला 1.2 युनिट, महिन्याला 36. त्या जागी 12 वॅटचा एलईडी लावा, महिन्याला साडेचार युनिटसुद्धा होत नाहीत. एकट्या गोठ्यात 31 युनिट वाचली आणि 120 चे बिल शंभराच्या आत आले! म्हणून बल्ब मोजू नका, तो किती तास जळतो ते मोजा. अडगळीच्या खोलीतला जुना बल्ब दिवसाला पाच मिनिटे लागत असेल, तर त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

देव्हाऱ्यातल्या झिरोच्या बल्बाचेही तसेच. नाव झिरो, पण जुना तारेचा झिरो 10 ते 15 वॅट खातो. रात्रभर जळून तो महिन्याला चारेक युनिट सहज घेतो. लोखंडी चोकची ट्यूब चोकसकट 50 वॅटच्या आसपास जाते. तिच्या जागी 20 वॅटची एलईडी पट्टी पुरते. शिवाय व्होल्टेज पडले की जुनी ट्यूब नुसती लुकलुकत बसते, चांगली एलईडी पट्टी तेव्हाही लागते. लाइनच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्यांना याचे मोल सांगायला नको.

आता पावसाचे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात उघड्या होल्डरमधला एलईडी टिकत नाही. आतली छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी ओलीने नाहीतर उष्णतेने जाते. बाहेर रबरी वायसरची बंद फिटिंग घ्या, पण हवा न खेळणाऱ्या लहान काचेच्या हंडीत साधा बल्ब कोंबू नका. ओट्यावर पिवळसर प्रकाशाचा एलईडी लावला तर किडे कमी येतात. घेताना ऊर्जा बचतीचे तारे बघा आणि वॉरंटीसाठी पावती मागून घ्या. रस्त्यावरचा बिननावाचा बल्ब स्वस्त दिसतो, एवढेच.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. बटण बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत असेल, तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले असू शकते. अशा होल्डरमध्ये बटण बंद असतानाही करंट असतो. ओल्या हाताने बल्ब काढायला गेलात तर जिवावर बेतेल. वायरमनला बोलावून आधी जोडणी तपासून घ्या.

सरपंच आणि भाऊसाहेबांसाठीही थोडे. पथदिव्यांच्या थकबाकीवरून 2021 साली राज्यात किती गावे अंधारात गेली, ते आपण पाहिले आहे. खांबावर 20 वॅटचा एलईडी लावला आणि तो दिवसाही जळत राहिला, तर चोवीस तासांत 480 वॅट-तास जातात. रात्रीपुरती बारा तास लागणारी जुनी ट्यूब 600 घेत होती. म्हणजे दिवे नवे आणि बिल जवळजवळ तेच. दिवे घेण्याच्या ठरावातच टायमर किंवा उजेडावर चालणारा सेन्सर लिहून घ्या, आणि तोवर सकाळी मेन स्विच कोणी पाडायचा ते नावानिशी ठरवा.