जामीनदाराचे ऋण

बँकेतील सदतीस वर्षांच्या सेवेत एक दृश्य मी असंख्य वेळा पाहिले. शेवटचा हप्ता भरला, की कर्जदार तारणाची कागदपत्रे परत घेई, शाखेत पेढे वाटी आणि आनंदाने घरी जाई. ज्याने त्याच्या शब्दाखातर सही केली होती, त्या जामीनदाराला मात्र आपण मोकळे झालो हे कित्येकदा कोणी कळवीतही नसे. कर्ज थकले असते, तर नोटीस त्याच्या दारी नक्की पोहोचली असती. फेडीची वार्ता पोहोचत नसे.

आपल्या जीवनातील खरी मोलाची माणसेही बहुधा अशीच जामीनदार असतात.

आमच्या कारंजा नगरीचे उदाहरण घ्या. येथील सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ यांच्या मंदिरांतील ग्रंथभांडारे विद्वानांना सुपरिचित आहेत. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांनी येथील हस्तलिखितांच्या आधारे अपभ्रंश ग्रंथ संपादित केले. १९३४ साली प्रसिद्ध झालेले ‘करकंडचरिउ’ त्यांपैकी एक. त्यांचे नाव आपण आदराने घेतो, ते योग्यच आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ओल आणि वाळवी यांपासून ती पाने ज्यांनी जपली, ज्यांतील कित्येकांना कदाचित ती भाषा वाचताही येत नसेल, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या जामिनावरच ही विद्या आपल्यापर्यंत आली.

हे सत्य मला उशिरा, आणि घरातल्याच एका वहीने शिकवले.

वडिलांची कारंज्यात कापसाची अडत होती. १९७२ मध्ये शासनाची कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, खासगी खरेदी थांबली आणि आमची पेढी ओस पडली. मी तेव्हा आठवीत होतो. वडिलांनी धान्य-किराण्याचे दुकान मांडले. पेढीवरचे मुनीमजी दुकानावर आले. पुढे मी एम.कॉम. झालो, बँकेत लागलो. या यशाचे श्रेय मी वडिलांना आणि स्वतःच्या कष्टांना देत आलो.

वडिलांच्या निधनानंतर जुन्या वह्या चाळताना मुनीमजींच्या खात्याचे पान उघडले. सलग चौदा महिने त्यांचा पगार नुसता जमा होत गेला होता. उचल एका पैशाची नव्हती. ती रक्कम सहा वर्षांनी चुकती झाली, तीही बिनव्याजी. आणि या साऱ्या नोंदी त्यांनी स्वतःच्याच वळणदार अक्षरात केल्या होत्या. व्याजाच्या हिशेबात आयुष्य घालवलेला मी त्या पानापुढे बराच वेळ बसून राहिलो. मुनीमजींना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

मंगरूळपीरला त्यांच्या पत्नीकडे गेलो. काकूंना सारे आठवत होते. “पेढी आपलीच आहे, म्हणायचे. थोरलीचं लग्न तेवढं दोन वर्षं लांबलं, बाकी काही अडलं नाही रे बाळा,” एवढेच म्हणून त्या चहा टाकायला उठल्या.

म्हणजे आमच्या घरासाठी जामीन राहिलेले मुनीमजी एकटे नव्हते. जिला कोणी विचारलेही नव्हते, ती मुलगीही जामीन राहिली होती.

त्या वर्षीच्या क्षमावाणीला मी रिसोडला ताईंच्या घरी गेलो. हात जोडले आणि वही पुढे ठेवली. रकमांकडे त्यांनी पाहिलेच नाही, ओळींवरून बोट फिरवीत म्हणाल्या, “अप्पांचं अक्षर.” वही मी त्यांच्याकडेच ठेवून आलो.

त्यानंतर, निवृत्त होईपर्यंत, कर्ज फिटलेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगत असे: पेढ्यांचा पहिला पुडा जामीनदाराच्या घरी न्या.

पर्युषणानंतर आपण शेकडो जणांना क्षमायाचनेचे संदेश पाठवतो. यंदा त्याआधी एका कागदावर आपल्या जामीनदारांची नावे लिहावीत. मुनीम, हमाल, गुरुजी, वहिनी, शेजारी, कोणीही असतील. त्यांतील जी हयात आहेत, त्यांच्याकडे संदेश न पाठवता स्वतः जावे. फेडीची वार्ता त्यांच्या दारी अजून पोहोचलेली नाही.