डेमूचं इंजिन थांबतं कसं

एव्हरशाईन सिटीतल्या माणसाने वसई रोडला येऊन दिव्याची गाडी पकडली, तर जूचंद्र, कामण रोड, खारबाव करत जाणारी ती गाडी मेमू असते. वरच्या तारेतली वीज तोडली की तिच्या मोटारी गप्प. डेमूचं तसं नाही. पेडणे–कारवार मार्गावर धावलेली किंवा 2017 मध्ये पुणे–दौंडला सुरू झालेली डेमू आपलं डिझेल इंजिन सोबत घेऊन फिरते. या इंजिनात ठिणगीच नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटतं, म्हणून इंजिन बंद करायचं तर इंधनच तोडावं लागतं.

1400 अश्वशक्तीच्या बऱ्याच डेमूंमध्ये कमिन्सचं केटीए-50 इंजिन असतं. कमिन्स ही 1962 मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात आलेली कंपनी. या इंजिनाला सोळा सिलिंडर, मिनिटाला 1800 फेरे. कमिन्सच्या या घराण्यातल्या इंजिनांच्या इंधनपंपावर एक छोटा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवलेला असतो. विजेचा प्रवाह आहे तोवरच तो उघडा. वायर तुटली, बॅटरी बसली की व्हॉल्व्ह मिटतो आणि इंजिन बंद पडतं. रेल्वेच्या ब्रेकचंही हेच: पाइप फुटला की ब्रेक लागतात. बिघाड व्हायचाच असेल तर तो गाडी थांबण्याच्या बाजूने व्हावा, ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

वंगण तेलाचा दाब घसरला तर बेअरिंग काही क्षणांत जळू शकतात, म्हणून तिथे इंजिन तडक बंद. पाणी तापलं तर मात्र शक्य तोवर भार काढून इंजिन आयडलवर फिरू द्यायचं असतं. एकदम बंद केलं तर लालबुंद टर्बोचार्जरचं तेल तुटतं.

खरी कळ इंधनपंपावरच्या त्या व्हॉल्व्हच्या तोंडावरच्या छोट्या घुंडीत आहे. व्हॉल्व्हची कॉइल जळाली तर घुंडी हाताने आत पिळायची. व्हॉल्व्ह उघडतो, अडकलेली गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत जाते. पण तेलदाबाचा स्विच आणि चालकाचं स्टॉप बटण याच व्हॉल्व्हचा प्रवाह तोडत असतील, तर त्या क्षणापासून दोन्ही निकामी होतात. अशा वेळी इंजिनापाशी जाणता माणूस हवाच. माझं स्पष्ट मत आहे की या घुंडीला सील असावं, ते तोडल्याची नोंद व्हावी, आणि शेडमधून गाडी सोडण्याआधी स्टॉप बटण दाबून इंजिन खरोखर बंद पडतं का, हे दर वेळी पाहिलं जावं.