डोळ्याला गाठ समजत नाही

नांदगाव पेठला मयतीच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात दोन हिरवे बांबू पडले होते आणि बादलीत अंबाडीची दोरी भिजत होती. आत रडणं चाललं होतं. बाहेर कडूनिंबाखाली सत्तरी ओलांडलेले आबाजी उकिडवे बसून कामट्या निवडत होते. आळीत कुणीही गेलं की तिरडी बांधायला त्यांनाच हाक जाते.

बांबू माणसाच्या उंचीपेक्षा दोन-अडीच हात लांब घ्यायचे, म्हणजे खांदेकऱ्यांना टोकं पुरतात. दोहोंमध्ये अंतर दीड हात. त्यावर आडव्या कामट्या. त्या दिवशी सात लागल्या. भार कमरेला येतो म्हणून तिथे जवळजवळ, पायाकडे विरळ. प्रत्येक कामटी आबाजी बांबूच्या पेराला टेकवून बसवत होते. पेराचा उंचवटा तिला सरकू देत नाही. खिळा नाही, तार नाही. कोरडी अंबाडी आवळताना तुटते. ओली मऊ पडते आणि गाठ दाबून बसते. आधी दोन तिरपे वेढे, मग बांबू आणि कामटीच्या मधून एक आवळता वेढा. तो ढिला राहिला की खांद्यावर सगळी तिरडी डुलते.

तिसरी कामटी त्यांनी शेजारच्या पोराला दिली. त्यानं गाठ मारली आणि निरखून पाहू लागला.

"पाहू नोको बापू, हातानं चाचप," आबाजी म्हणाले. "डोयाले गाठ समजत नाई."

पोरानं ती सोडून पुन्हा बांधली.

तिरडीसारख्याच मयताला वाहून नेणाऱ्या जुन्या शवगाड्या जपणारे लोक जगात आहेत. बार्सिलोनाच्या मोंजुइक दफनभूमीत घोड्यांनी ओढायच्या शवगाड्या जतन केल्या आहेत. अमेरिकेत ह्यूस्टनला १९९२ पासून अंत्यविधींचं संग्रहालयच आहे. त्या माणसांबद्दल मला आदर वाटतो. आपली तिरडी अशी ठेवता येत नाही. ती एकाच माणसासाठी बांधतात, स्मशानातून कधी घरी आणत नाहीत. उरते ती बांधणाऱ्याच्या बोटांत, आणि तिथून पुढच्याच्या बोटांत गेली तरच. आता फोन केला की शववाहिनी येते, कुठे लोखंडी तिरडी तयार ठेवलेली असते. स्मशान लांब असेल तर त्याचा मोठाच आधार. तरी त्यासाठी चार शेजारी अंगणात बसत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

गवत पसरलं, वर पांढरं कापड आलं. गुरुदेव सेवा मंडळाच्या माणसांनी रामधून धरली. नांदगाव पेठवरून जाणाऱ्या महामार्गानं नागपूरकडे गेलं की हे मंडळ स्थापणाऱ्या तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी लागतं. त्यांच्या ग्रामगीतेत अंत्यसंस्कारावर स्वतंत्र अध्याय आहे.

वाटेत विसाव्याला तिरडी खाली ठेवली. पुढचे खांदेकरी मागे गेले, मागचे पुढे आले. तेवढ्यात आबाजी वाकले, तिसऱ्या कामटीच्या गाठीवरून अंगठा फिरवला आणि उठून खांदा द्यायला उभे राहिले.