कर्ज माणसाला मिळते, वस्तीला मिळत नाही

बँकेतल्या साहेबांनी आमचा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला, "पण घर कोणाच्या नावावर?"

आम्ही अकरा कुटुंबे. कोणी रेल्वेतून निवृत्त, कोणी पोस्टातून, दोघी सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, एक जण नगरपालिकेच्या शाळेत मास्तर. पोरे पुण्याला, बंगळूरला, एकाचा तर दुबईला. फंड-ग्रॅच्युइटीतून सर्वांनी मिळून शहराबाहेर चौदा गुंठे जागा घेतली. बेत साधा होता : अकरा लहान घरे, मध्ये अंगण, एक मोठे स्वयंपाकघर, वाचनालय आणि आजारी माणसाच्या सोबतीला येणाऱ्यासाठी एक खोली. म्हातारपणी एकमेकांना धरून राहावे, एवढाच हेतू.

साहेब म्हणाले, "प्रत्येकाने वेगळा फ्लॅट दाखवा, वेगळा अर्ज करा. वय बघून काय बसते ते देऊ. स्वयंपाकघरावर कर्ज कसे देणार?"

साहेबांचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. हप्ता थकला तर फ्लॅट लिलावात काढता येतो. सामायिक स्वयंपाकघराच्या अकराव्या हिश्श्यावर बोली कोण लावणार? बँकेला भिंतींची किंमत कळते. पलीकडच्या घरात कोणी खोकले तर उठून जाणाऱ्या शेजाऱ्याची किंमत तिच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

अशा वस्तीला जगात 'को-हाउसिंग' म्हणतात. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ १९७२ साली अशी पहिली वस्ती उभी राहिली. सत्तावीस कुटुंबे, प्रत्येकाचे घर स्वतःच्या मालकीचे, शिवाय सर्वांचे मिळून एक सामायिक घर. राहणारे बहुतेक मध्यमवर्गीय. ज्याची पत आहे त्याला वाट सापडते, त्यात नवल ते काय!

आम्हाला जास्त शिकण्यासारखे वाटले ते इंग्लंडमधल्या लीड्सचे. तिथे 'लिलॅक' नावाची वीस घरांची वस्ती २०१३ मध्ये पुरी झाली. जागा नगरपालिकेची, जुन्या शाळेची. सर्व घरे संस्थेच्या नावावर. ट्रिओडोस बँकेने दीर्घ मुदतीचे कर्ज दिले ते संस्थेला, सुट्या माणसांना नाही. सभासद आपल्या निव्वळ उत्पन्नाच्या ३५ टक्के रक्कम दरमहा संस्थेकडे भरतो आणि त्यातून त्याचे भाग जमा होतात. ज्याचा पगार कमी त्याचा भरणा कमी. सोडून जाताना भागाची किंमत मिळते, पण ती घरांच्या बाजारभावाने नव्हे, पगारमानाच्या निर्देशांकाने. म्हणजे तिथे घर सट्ट्यावर लावायची सोयच ठेवलेली नाही.

पण तेही पगारदारांचेच झाले. हातावर पोट असणाऱ्यांनी काय करावे? त्यासाठी उरुग्वेकडे पाहावे लागते. दक्षिण अमेरिकेतला हा देश, लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास. तिथे १९६८ साली गृहनिर्माण कायदा झाला आणि कामगारांच्या सहकारी संस्थांना सरकारी कर्जाची दारे उघडली. खर्चाचा बहुतेक भाग कर्जाने, उरलेला साधारण १५ टक्के वाटा सभासदांच्या घामाने. प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला साधारण एकवीस तास बांधकामावर राबायचे. विटा वाहायच्या, माल कालवायचा, रात्री राखण करायची. आपले घर कोणते हे बांधताना कोणालाच ठाऊक नसते. काम संपल्यावर चिठ्ठ्या टाकतात. त्यामुळे दुसऱ्याची भिंत वाकडी ठेवून चालत नाही! आर्किटेक्ट, हिशेबनीस, समाजसेवक यांची मदत घेण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे आणि त्यांची फीही कर्जातच धरलेली असते.

आमच्या मते खरी अक्कल आहे ती हप्त्यात. कर्ज नुसत्या पैशात मोजत नाहीत, एका वेगळ्या एककात मोजतात, आणि ते एकक देशातल्या पगारमानाबरोबर वरखाली होते. मजुरी वाढली तर हप्ता वाढतो, मजुरी मागे पडली तर हप्ताही तिला सोडून पळत नाही. आणि घर संस्थेचेच राहते, सभासदाला राहण्याचा व वारसांना देण्याचा हक्क.

लष्करी हुकूमशाहीला हे खुपले. १९८३ मध्ये या संस्था मोडून घरे सुटी सुटी मालकीची करण्याचा कायदा आणला गेला. तेव्हा २६ फेब्रुवारी १९८४ रोजी, एका दिवसात, संस्थांच्या महासंघाने तीन लाखांवर सह्या गोळा केल्या. मालकी फुकट मिळत असताना लोकांनी ती नाकारली, हे आमच्याकडे सांगितले तर कोणाला पटत नाही.

आमच्याकडे मागण्यांची परंपरा नाही असे नव्हे. १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. पुढे शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने सेटलमेंट कमिशन मागितले, तेव्हा नुसती जमीन मागितली नाही. त्या कमिशनला केंद्राने दरवर्षी किमान पाच कोटी द्यावेत हेही लिहून ठेवले. वस्ती म्हणजे पैसा, हे बाबासाहेबांना पक्के ठाऊक होते. स्वातंत्र्यानंतर पी.डब्ल्यू.आर. २१९ योजनेखाली मागासवर्गीय गृहनिर्माण संस्थांना सरकारी जमिनी मिळाल्या. त्यातल्या एका संस्थेत आमचे मेहुणे राहतात. इमारत मोडकळीला आली तेव्हा पैसा घेऊन दारात उभा राहिला तो बिल्डर, दुसरे कोणी आले नाही.

संस्थेला कर्ज देता येत नाही असे मात्र कोणी सांगू नये. मुंबईत स्वयंपुनर्विकासासाठी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने संस्थांनाच कर्ज दिले, राज्य सरकारने २०१९ मध्ये त्यासाठी सवलतींचा निर्णयही काढला. फरक इतकाच की तिथे वाढीव बांधकाम विकून कर्ज फिटते. आमच्याकडे विकायला जादा काही नाही आणि विकायचेही नाही.

पुढच्या रविवारी मास्तरांच्या ओसरीवर आमची बैठक आहे. अकरापैकी दोघांनी वेगळ्या फ्लॅटसाठी अर्ज टाकल्याचे कानावर आले आहे. त्यांना दोष देत नाही. वय थांबत नाही. उरलेले नऊ जण आधी स्वयंपाकघर आणि आजाऱ्याची खोली स्वतःच्या ठेवी मोडून बांधावी का, यावर बोलणार आहोत. हिशेब परिचारिकाबाईंनी मांडून आणला आहे. पत्र्याचे छप्पर धरले तर जमते, स्लॅब धरला तर चार लाख कमी पडतात.